चादरीची मागची बाजू

अगं, काल रात्री तू पाठवलेले फोटो पाहिले आणि आधी हसूच आलं. रागावू नकोस. आठ कागद, आठही बिघडलेले. आजीच्या मागचं पांढरंशुभ्र आभाळ मळकट निळं झालेलं, तिच्या चेहऱ्यावरचे नाक-डोळे-सुरकुत्या सगळं एकाच निळ्या लगद्यात गेलेलं, आणि खाली तुझी ओळ, ‘अक्का, मला नाही जमणार हे.’ हेच वाक्य मी पाच वर्षांपूर्वी आमच्या गच्चीवर उभी राहून स्वतःशी म्हटलं होतं. फरक एवढाच की मला ते पाठवायला कोणी नव्हतं.

तू काय केलंस ते न सांगताच कळतंय मला. फोनमधला फोटो काळा-पांढरा केलास, उलटा केलास, स्क्रीनवर निगेटिव्ह झकास दिसली आणि प्रिंटचं बटण दाबलंस. होय की नाही? तिथंच घोळ झाला. निगेटिव्ह डोळ्यांना झकास दिसली, की ती कागदाला मानवणार नाही असं खुशाल समज.

पलंगावरची चादर घे बघू हातात. सोलापुरात राहतेस, जकार्डची चादर घरात नाही असं तर होणार नाही. वरून बघ. लाल जमिनीवर पांढरा मोर. आता तीच उलटी कर. पांढऱ्या जमिनीवर लाल मोर. आणखी नीट बघ, मोराचं तोंडही दुसरीकडे फिरलंय, कोपऱ्यात विणलेलं नाव उलटं झालंय. आपल्याला निगेटिव्ह म्हणून जी काय लागते ती ही मागची बाजू. रंगाने उलटी आणि दिशेनेही उलटी. तू रंग उलटवलेस, दिशा विसरलीस. तुझ्या फोटोत आजीचा पदर उजव्या खांद्यावर आलाय, तो बघितला नाहीस वाटतं?

लाजू नकोस, माझीही तीच गत झाली होती. आत्याच्या साठीला तिच्या लग्नातला फोटो निळ्यात छापून, फ्रेम करून नेला. घरभर कौतुक चाललेलं. आत्या जवळ आली, चष्मा वर केला आणि म्हणाली, ‘मला गुजरात्याच्या घरात कधी दिलं गं?’ मी ती फ्रेम परत घरी आणली.

दिशा का फिरवायची ते एकदा समजून घे म्हणजे विसरणार नाहीस. निगेटिव्ह ज्या पारदर्शक फिल्मवर छापतो तिच्या एकाच बाजूला शाई बसते. ती शाईची बाजू कागदाला अगदी चिकटून बसली पाहिजे. शाई वरच्या बाजूला राहिली तर मधल्या प्लास्टिकच्या जाडीत उजेड पसरतो आणि आजीच्या नथीचा प्रत्येक मोती पुसट होतो. आता शाई खाली म्हणजे फिल्म पालथी, आणि पालथी म्हणजे चित्र आरशातलं. म्हणून छापायच्या आधीच कॉम्प्युटरवर आडवं फिरवून घ्यायचं. फिल्मवर चित्र उलटं दिसलं पाहिजे, तरच ते कागदावर सुलटं येतं. ओळखायला सोपी खूण म्हणजे चित्राच्या बाहेर कोपऱ्यात तारीख टाक. शाईची बाजू आपल्याकडे करून फिल्म समोर धरल्यावर तारीख सरळ वाचता आली तर ती फिल्म बाजूला ठेव.

तू विचारलंस, एवढा उपद्व्याप कशाला, बाबांचं एन्लार्जर माळ्यावर पडलंय ना? पडलंय. पण आपला हा निळा कागद, सायनोटाइप, दिव्याला दाद देत नाही. जॉन हर्शेलनं १८४२ साली काढलेली ही रीत. लोखंडाचे क्षार, त्यांना हवे अतिनील किरण. एन्लार्जरच्या बल्बमध्ये ते नावालाच असतात, आणि जे असतात ते भिंगात अडकतात. म्हणून निगेटिव्ह कागदावर ठेवून, वर काच दाबून, उन्हात नेण्यावाचून गत्यंतर नाही. आणि तसं छापायचं म्हणजे निगेटिव्ह जेवढी, फोटो तेवढाच. १८५४ साली मुंबईत फोटोग्राफिक सोसायटी निघाली, भाऊ दाजी लाडांचे भाऊ नारायण दाजी तिथले नावाजलेले फोटोग्राफर. त्या मंडळींचा हाच मार्ग होता, मोठा फोटो हवा तर मोठीच निगेटिव्ह. तेवढी मोठी फिल्म आज आपल्या आवाक्यातली नाही, प्रिंटर मात्र आहे. अमेरिकेत डॅन बर्कहोल्डरनं १९९५ साली याच विषयावर पुस्तक काढलं. तेव्हा लोक छपाईवाल्यांच्या मोठ्या मशीनवर फिल्म काढून आणत. आपल्याकडे लग्नपत्रिकावाले ‘पॉझिटिव्ह काढून आणा’ म्हणायचे ना, तसंच. आता घरच्या प्रिंटरवर भागतं.

भागतं म्हणजे, फिल्म बरोबर असेल तर. माझे पहिले पैसे इथंच बुडाले. एका दुकानदारानं ‘ओएचपी शीट आहे, सगळ्या प्रिंटरला चालते’ म्हणून पुडकं गळ्यात मारलं. ती होती लेझर प्रिंटरची. वर शाई पिणारा थरच नाही. शाईचे थेंब मोत्यांसारखे उभे राहिले, तीन दिवसांनी बोट लावलं तरी बोट काळं. इंकजेटसाठी थर दिलेली फिल्मच घे. पिक्टोरिको नावाची जपानी फिल्म सगळ्यात नामांकित, पण महाग. स्क्रीन प्रिंटिंगवाले जी दुधी इंकजेट फिल्म वापरतात ती शिकण्यापुरती छान चालते. टॉवेल-पिशव्यांवर छापणाऱ्यांकडे चौकशी कर, आपल्याकडे त्यांना काय तोटा! थर कुठल्या बाजूला ते ओळखायला ओठाला लावलेलं बोट कोपऱ्यावर टेकव. चिकटतं ती शाईची बाजू. आणि शेंगाचटणी-भाकरी खाऊन फिल्मला हात लावायचा नाही. हसतेस काय, माझ्या एका निगेटिव्हवर अंगठ्याचा तेलकट ठसा होता, तो प्रत्येक प्रिंटवर आजोबांच्या कपाळी उमटायचा.

प्रिंटर सहा रंगांचा असला तर उत्तम, चार रंगांचाही चालतो. आधी नोझल चेक काढ. एक जरी रेघ तुटकी असेल तर आभाळात आडवे पट्टे येणार आणि तू ऊन-कागद-केमिकल सगळ्यांना दोष देत बसशील. छापताना प्रिंटरला त्याची अक्कल चालवू द्यायची नाही. रंग सुधारण्याची जी काय सोय असेल ती बंद, दर्जा सगळ्यात वरचा, कागदाच्या जागी चकचकीत फोटो पेपर. आणि फोटो व्हॉट्सॲपवरून आलेला नको. १० बाय ८ इंचाला ३६० च्या हिशेबानं ३६०० बाय २८८० ठिपके लागतात, तुझ्या फोनचा मूळ फोटो तेवढा सहज असतो. व्हॉट्सॲप त्याचा पार चुरा करून पाठवतं.

आता खरं दुखणं. नीट वाच, इथं घाई केलीस तर पुढचे आठ कागदही जातील.

बाबा आठवतात का तुला स्टुडिओत? काचेच्या उतरत्या पाटावर निगेटिव्ह ठेवून, खालून उजेड घेऊन, टोकदार पेन्सिलीनं डोळ्याखालची काळी वर्तुळं भरत बसायचे. त्यांना प्रिंटला हात लावताना मी कधी पाहिलं नाही. जे करायचं ते निगेटिव्हवर. आपणही तेच करायचं, फक्त पेन्सिलीऐवजी कर्व्ह. पण कर्व्हच्या आधी दोन गोष्टी ठरवाव्या लागतात, आणि त्या याच क्रमानं.

पहिली गोष्ट वेळ. काहीही न छापलेली कोरी फिल्म घे. लेप दिलेल्या कागदाच्या पट्टीवर ठेव, काच दाब, उन्हात ने. पुठ्ठ्यानं झाकत झाकत दोन, चार, सहा, आठ असे पुढे वाढत जाणारे मिनिटांचे टप्पे पाड. धू, वाळव, दुसऱ्या दिवशी बघ. त्याच दिवशी बघायचं नाही, निळा रंग हवेत रात्रभर गडद होत राहतो. कुठल्या टप्प्यापासून पुढे निळा आणखी गडद होत नाही ते शोध. तोच तुझा वेळ. एप्रिलच्या दुपारी माझा नऊ मिनिटं येतो, डिसेंबरात पंधरा-सोळा. एकदा तो ठरला की फोटो कितीही फिका वाटो, काळा वाटो, वेळ बदलायचा नाही. फोटो बिघडला तर निगेटिव्ह दुरुस्त करायची. हे मला उमगायला दीड वर्ष गेलं. मी आपली फोटो फिका की दोन मिनिटं जास्त, काळा की दोन मिनिटं कमी. मीठ जास्त झालं की पाणी, पाणी जास्त झालं की मीठ, आणि शेवटी पातेलंभर आमटी कोणी खायची?

दुसरी गोष्ट रंग. तुझं आभाळ मळकट निळं झालं ते यामुळे. आभाळ पांढरं राहायला निगेटिव्हमध्ये तिथं शाईनं अतिनील किरण पूर्ण अडवायला हवेत. आपल्या डोळ्याला काळी शाई सगळ्यात दाट दिसते, पण अतिनील किरण डोळ्याला कुठं दिसतात? काही प्रिंटरांच्या काळ्या शाईतून ते आरपार जातात आणि पिवळी किंवा हिरवी शाई मात्र त्यांना भिंतीसारखी अडवते. म्हणून एका फिल्मवर वीस-पंचवीस रंगांचे चौकोन छाप, ठरलेल्या वेळेला उन्हात दे आणि बघ कुठल्या चौकोनाखाली कागद कोरा राहिला. माझ्या प्रिंटरला पोपटी हिरवा लागतो. त्यामुळे माझ्या सगळ्या निगेटिव्ह हिरव्या भुतासारख्या दिसतात. तुझ्या दादानं एकदा कचरा समजून दोन टाकून दिल्या. तुझ्या प्रिंटरला कदाचित नारिंगी लागेल. माझा रंग उचलू नकोस, माझी शाई वेगळी.

वेळ आणि रंग ठरले, आता कर्व्हसाठी जिना. कोऱ्यापासून गच्च शाईपर्यंत एकवीस पायऱ्यांची पट्टी छाप, ठरलेला वेळ, ठरलेला रंग. प्रिंट वाळली की मोज. तुला दिसेल की पहिल्या पाच-सहा पायऱ्या सगळ्या सारख्याच गडद निळ्या, शेवटच्या तीन-चार सगळ्या कोऱ्या, आणि मधल्या थोड्याच पायऱ्यांत सगळा फरक कोंबलेला. आजीचा चेहरा त्या पहिल्या सहा पायऱ्यांत होता, गं. तिच्या सुरकुत्या तुझ्या फाइलमध्ये होत्या, फिल्मवरही होत्या, कागदाला त्या वेगळ्या दिसल्याच नाहीत. कर्व्ह म्हणजे एवढंच की कागदाला ज्या पायऱ्या सारख्या वाटतात त्यांच्यात फाइलमध्ये मुद्दाम जास्त अंतर टाकायचं. प्रिंट स्कॅन कर, प्रत्येक पायरीचा आकडा वहीत लिही, हवा होता तो आकडा शेजारी लिही, आणि गिंपमध्ये कर्व्हवर ते बिंदू ओढ. फुकटचं सॉफ्टवेअर आहे, पुरतं. मग तोच जिना कर्व्ह लावून पुन्हा छाप. पहिल्या खेपेला नीट येत नाही. माझा तिसऱ्या खेपेला आला, आणि तो कागद मी अजून वहीत चिकटवून ठेवलाय, एकवीसच्या एकवीस पायऱ्या वेगळ्या मोजता येतात. माझ्या सगळ्या फोटोंत मला तोच आवडतो, हे बाहेर कुणाला सांगू नकोस.

कर्व्ह लावलेली निगेटिव्ह बघवत नाही. राखाडी, पसरलेली, जीव नसलेली. जकार्डवर चढणारे भोकं पाडलेले पुठ्ठे पाहिलेस ना? त्यांच्यात मोर शोधून सापडतो का?

लेपाचं तुला येतंच, तरी दोन शब्द. हिरवं फेरिक अमोनियम सायट्रेट २५ ग्रॅम १०० मिलि पाण्यात, पोटॅशियम फेरीसायनाइड १० ग्रॅम दुसऱ्या १०० मिलि पाण्यात, दोन्ही वेगळ्या गडद बाटल्यांत, वापरताना समसमान. १० बाय ८ ला दोन-अडीच मिलि पुरे. ब्रशला पत्रा नको, लोखंड लागलं की निळे ठिपके येतात. पुण्याच्या हातकागद संस्थेचा सुती कागद छान, पण कुठलाही हातकागद आधी एक तुकडा आणून बघ, काहींत खडूची भुकटी घातलेली असते आणि ती निळ्याची वैरी. लेप खडखडीत वाळू दे. जरा दमट राहिला तर फिल्मची शाई कागदाला आणि कागदाचा पिवळा फिल्मला, दोन्ही वाया. आपल्याकडे मार्च ते मे पंख्याखाली अर्ध्या तासात वाळतो. एवढ्यासाठी तरी सोलापूरच्या उन्हाळ्याला नावं ठेवू नये. बाटल्यांवर मोठ्या अक्षरात मराठीत नावं लिही, स्वयंपाकघरातलं मोजमापाचं भांडं वापरायचं नाही, आणि फेरीसायनाइड कधी कडक ॲसिडमध्ये घालायचं नाही, तापवायचं नाही. त्यातून विषारी वायू निघतो. या बाबतीत मी ताई नाही, सासू आहे.

ऊन म्हणशील तर मेच्या दुसऱ्या आठवड्यात आपल्याकडे शून्य सावलीचा दिवस येतो, भर दुपारी सूर्य बरोबर डोक्यावर. तेव्हा फ्रेम गच्चीवर सपाट ठेवली तरी चालते. एरवी सूर्याकडे कलती कर. ढगाळ दिवशी जिना छापूच नकोस, ढग आला-गेला की तुझा ठरलेला वेळ खोटा पडतो.

आणि पाणी. तुझे प्रिंट धुतल्यावर आणखी फिके पडले म्हणालीस, ते बोअरच्या पाण्यामुळे. आपल्या बोअरच्या पाण्यानं हंड्यावर पांढरा थर बसतो, तसलं क्षारट पाणी निळा रंग खातं. धुण्याच्या सोड्यानं तर तो बघता बघता उडतो. पहिल्या ट्रेमध्ये लिटरभर पाण्यात चिमूटभर लिंबूसत्व घाल, वाण्याकडे मिळतं. मग दोन ट्रे साध्या पाण्याचे, शक्यतो नळाच्या. चार-पाच दिवसांआड पाणी येणाऱ्या घरात वाहत्या नळाखाली फोटो धुणं मला तरी जमत नाही, म्हणून तीन ट्रे. पिवळेपणा गेला की बास, अर्धा तास बुडवून ठेवायचं नाही. घाई असेल तर शेवटच्या ट्रेमध्ये मेडिकलमधलं हायड्रोजन पेरॉक्साइड झाकणभर घाल. निळा डोळ्यांदेखत खोल जातो. कुणाला दाखवायचं असेल तर हाच क्षण दाखव.

तुझ्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर थोडक्यात. माळ्यावर उटीच्या कारखान्याचा ‘इंदू’ कागदाचा डबा सापडला म्हणून हुरळून जाऊ नकोस. इतक्या वर्षांत तो धुरकट झाला असणार, डेव्हलपरमध्ये टाकला की सगळाच करडा पडेल. नव्या चांदीच्या कागदावर लाल दिव्यात कॉन्टॅक्ट करता येतो, एन्लार्जरचा उजेडही तिथं चालतो, सेकंदात काम. पण त्याला वेगळी निगेटिव्ह लागते, शाई बरीच कमी, आणि कागद गुळगुळीत असल्यानं प्रिंटरचे ठिपके दिसतात. खरखरीत सुती कागदावर निळ्यात ते लपतात. आधी निळा हाताखाली येऊ दे. पुढे मन लागलंच तर गोव्यात जुन्या छपाईच्या रीती शिकवणारं सेंटर फॉर ऑल्टर्नेटिव्ह फोटोग्राफी आहे, त्यांच्या कार्यशाळांची चौकशी करू, दोघी जाऊ.

घरच्यांचं काय, तेही विचारलंयस, आडून आडून. आमच्याकडे मामंजी अजून म्हणतात, ‘फोनमध्ये एक बोट लावलं की फोटो निळा होतो, मग उन्हात कशाला मरायचं?’ मी एकदा त्यांचाच फोटो छापला, फेट्यातला. ट्रेमध्ये पिवळ्यातून निळा वर येताना त्यांना उभं करून दाखवलं. बघितलं, ‘बरं आहे’ म्हणाले, आणि दुसऱ्या दिवशी परत तेच वाक्य. पण तो फोटो त्यांनी देवघराशेजारी लावलाय. मी काही बोलत नाही.

तू पैशाचं टेन्शन घेतलंयस ते मात्र खरं आहे. म्हणून आजीचा फोटो सध्या बाजूला ठेव. महिनाभर पट्ट्या आणि जिनेच छाप, बोटभर रुंदीचे, एका कागदात आठ होतात. प्रत्येक पट्टीमागे पेन्सिलीनं तारीख, वेळ, किती वाजता, कुठलं पाणी. एका वेळी एकच गोष्ट बदल.

आमच्याकडे शुक्रवारी पाणी येतंय, म्हणजे शनिवारी टाकी भरलेली असेल. दहाच्या आत ये, उन्हाला मला पट्ट्या तयार ठेवायच्या आहेत. तुझा प्रिंटर आण, कोरी फिल्म आण, आठही बिघडलेले कागद आण, त्यांच्या मागे लिहायचं आहे. आणि फिल्म गुंडाळायला चादर आणू नकोस, तिचे तंतू चिकटतात.